कवडी कोंबडीचा दाणा

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एका बुरुडाचं घर होतं. घरात माणसं तीन. म्हातारे आबा, त्यांचा मुलगा भिवा आणि सून गिरजा. बांबूच्या टोपल्या, सुपं आणि कोंबड्या झाकायची डालगी विणायची, शनिवारी ती बाजारात न्यायची, यावर त्यांचं घर चाले. हात थरथरायला लागल्यापासून आबांचं विणकाम सुटलं होतं. ते दिवसभर परसातल्या ओट्यावर बसून असत.

परसात आठ-दहा कोंबड्या होत्या. सगळ्यांत जुनी होती कवडी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. बाकीच्या साऱ्या कोंबड्या तिनंच उबवून काढलेल्या. पण आता वर्ष उलटून गेलं, तिनं एकही अंडं दिलं नव्हतं.

एका गुरुवारी गिरजेनं दाणे टाकले आणि कवडी आलीच नाही. कुंपणाशी पिसं फुगवून बसली होती. तुरा फिका पडलेला, डोळे अर्धे मिटलेले.

भिवा बांबू चिरत होता. त्यानं हातातला कोयता बाजूला ठेवला आणि येऊन पाहिलं.

"हिचं आता काही खरं नाही," तो म्हणाला. "अंडं देत नाही, पिलं काढत नाही, नुसती बसून खाते. वर हे दुखणं. बसून खाणाऱ्याला दाणा घालायचा तरी किती दिवस? रविवारी मामेभाऊ जेवायला यायचाय. मरून वाया जाण्यापेक्षा तिचा रस्सा कर."

"बरं," गिरजा म्हणाली. तिलाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

ओट्यावर आबा बसले होते.

त्या दुपारी आबांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. रात्रीही तेच झालं. गिरजेनं विचारलं तर म्हणाले, "भूक नाही, पोरी." तिला वाटलं, वयच झालंय, एखाद्या दिवशी नसते भूक.

शुक्रवारी सकाळी भिवा बांबू आणायला गेला होता. गिरजा पाणी भरून परत आली आणि दारातच थबकली. आबा खाली मांडी घालून बसले होते. समोर भिवाचा कोयता, बांबूच्या चार वेड्यावाकड्या कांबी, आणि आबांच्या बोटातून रक्ताची धार.

"मामंजी! हे काय केलंत?" तिनं घागर टेकवली आणि पदरानं त्यांचं बोट दाबून धरलं.

"काही नाही गं. एखादं सूप होतंय का बघत होतो."

"पण कुणी सांगितलंय तुम्हाला काम करायला?"

आबांनी मान खाली घातली. "कुणी नाही. पण बसून खाणं बरं दिसत नाही."

बसून खाणं! हे शब्द गिरजेनं कालच ऐकले होते आणि त्यावर 'बरं' म्हणाली होती. आबांची भूक कुठं गेली, ते आता तिला कळलं.

तिनं हळद लावून त्यांचं बोट बांधलं. मग ती परसात गेली, कवडीला उचलून आणलं आणि आबांच्या मांडीवर ठेवलं.

"मामंजी, तुम्ही उभा जन्म कोंबड्या पाळल्यात. हिला काय झालंय, सांगा. हिला बरं करायचं मी ठरवलंय."

आबांनी कवडीच्या गळ्याखाली हात फिरवला. त्यांचा हात थरथरत होता, पण बोटांची जाण गेली नव्हती. "ही दाण्याची पिशवी बघ. दगडासारखी घट्ट झालीय. वाळकं लांब गवत गिळलंय हिनं, त्याचा बोळा अडकलाय. दाणा बंद कर. कोमट पाण्यात तेल घालून त्याचा थेंब चोचीच्या कडेला लाव, आपण होऊन गिळेल. घशात ओतलंस तर गुदमरेल. आणि पिशवी हलक्या हातानं चोळत राहायची. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा."

"किती दिवस?"

"बोळा सुटेपर्यंत. कंटाळून चालायचं नाही."

"नाही कंटाळणार," गिरजा म्हणाली.

भिवा परतला तेव्हा ती कोंबडीला मांडीवर घेऊन बसली होती. तो हसला. "अगं, एका म्हाताऱ्या कोंबडीपायी एवढा खटाटोप?"

गिरजा त्याला बाजूला घेऊन गेली. आबांच्या ताटातली भाकरी, तो कोयता, ते बोट, सगळं तिनं सांगितलं.

भिवाचा चेहरा उतरला. "मी आबांना कधी काही म्हणालो का?"

"आबांना नाही म्हणालात. आबांच्या समोर म्हणालात. आणि मी मान डोलावली. म्हणून सांगते, ही कोंबडी कापायची नाही. जगली तर जगेल, मेली तर माझ्या मांडीवर मरेल."

बांबूची मोळी उतरवून भिवा कामाला बसला.

शनिवारी बाजार होता. गिरजेनं डोक्यावर टोपल्यांची चवड घेतली आणि काखेत एका टोपलीत कवडीला घेतलं. बाजारात बायका विचारत, "काय गं, कोंबडी विकायचीय का?"

"नाही, आजारी आहे."

"मग बाजारात कशाला आणलीस?"

"घरी ठेवली तर चोळायची कुणी? मामंजींचं बोट कापलंय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण म्हणाली, "एवढी सेवा सासऱ्याची केली असतीस तर पुण्य लागलं असतं!" गिरजा ना हसली, ना रागावली. एक टोपली विकली की दहा वेळा पिशवी चोळायची, असं तिनं दिवसभर चालवलं. संध्याकाळपर्यंत तिची बोटं आखडली. पिशवी मात्र होती तशीच होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "मामंजी, सुटेल ना हो?"

आबांनी बांधलेल्या बोटासकट हात पुढे केला. "आण इकडं. तू जरा पाठ टेक."

रविवारी उजाडता उजाडता आबांची हाक आली. "सूनबाई, लवकर ये!" गिरजा धावली. कवडीच्या गळ्याखालची पिशवी लिबलिबीत, रिकामी झाली होती. गिरजेनं ताकात भिजवलेल्या कण्या पुढे केल्या. कवडीनं मान तिरकी केली, एकदा पाहिलं आणि टोच मारली. मग आणखी एक. गिरजेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दुपारी मामेभाऊ आला. ताटात पिठलं-भाकरी पाहून त्याचं तोंड वाकडं झालं. "काय भिवा? परसात ती म्हातारी कोंबडी दिसतेय की. तिचा काय उपयोग आता?"

भिवाचा घास हातातच राहिला. आबा शेजारच्याच पाटावर बसले होते. भिवा त्यांच्याकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "परवापर्यंत मीही असंच बोलत होतो. चुकलो. हे परस तिनं उभं केलंय. तिनं द्यायचं ते देऊन झालं, आता खायचा तिचा हक्क आहे. आबा, माझ्या बोलण्यानं तुमचा घास अडला. मला माफ करा."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ते म्हणाले, "खा आता. पिठलं गार होतंय."

कवडीनं पुढं कधीच अंडं दिलं नाही. दोन पावसाळे ती परसात उन्हाला बसली, दाणे टिपत राहिली आणि एके दिवशी झोपेतच गेली. पण त्या रविवारनंतर आबांनी कोयत्याला हात लावला नाही. ते ओट्यावरूनच ओरडत, "भिव्या, वीण सैल झालीय. उसव आणि पुन्हा घाल!" आणि भिवा निमूटपणे टोपली उसवायचा.

तात्पर्य: थकलेल्या मुक्या जिवाला आपण काय बोलतो आणि कसं वागवतो, ते घरातली थकलेली माणसं ऐकत-पाहत असतात.