चिचूची लाल चिंधी

एक होती चिचुंद्री. नाव तिचं चिचू. नाक लांब, डोळे बारीक. डोळ्यांना कमी दिसायचं. नाकाला सगळं कळायचं.

चिचू आईचं शेपूट तोंडात धरून चालायची. आई पुढे, चिचू मागे. तुरूतुरू, तुरूतुरू. एक दिवस आई एकटीच गेली, खाऊ आणायला. ती काही परत आली नाही. बिळात राहिली आईची लाल चिंधी. चिचू तिच्यावर नाक ठेवून झोपायची. चिंधीला आईचा वास यायचा.

आणि एक दिवस चिंधीच नाही.

कुणी नेली? भिंतीपलीकडच्या गोदूमावशीने. मावशी गोधडी शिवत होती, चित्रांची. लहानपणी पाहिलेलं सगळं गोधडीवर. हिरव्या खणाचा डोंगर. निळ्या परकराची विहीर. काळ्या छत्रीची शेळी. आणि मधोमध मावशीची आई. आईला लाल लुगडं हवं होतं. भिंतीच्या भोकातून लाल टोक दिसलं. मावशीने ओढलं, नेलं, शिवलं. विचारलं का कुणाला? छे. चिचुंद्रीला कोण विचारतंय.

चिचू गेली मावशीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"मावशी, मावशी, माझी चिंधी दे. माझी चिंधी, आईच्या वासाची."

मावशी म्हणाली, "तुझी कशी? गोधडीवरच्या माझ्या आईचं लुगडं झालंय तिचं. टाका घातला तो घातला. मी नाही देणार."

चिचू गेली सुईकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"सुईबाई, सुईबाई, मावशीला टोच. मावशी चिंधी देईना. माझी चिंधी, आईच्या वासाची."

सुई म्हणाली, "मावशी मला डबीत ठेवते. गंज लागू देत नाही. मी नाही टोचणार."

चिचू गेली दोऱ्याकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"दोरेदादा, दोरेदादा, सुईला ओढ. सुई मावशीला टोचेना. मावशी चिंधी देईना. माझी चिंधी, आईच्या वासाची."

दोरा म्हणाला, "सुईच्या मागे मागे जायचं, एवढंच मला येतं. मी नाही ओढणार."

चिचू गेली मांजरीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू. जरा लांबच उभी राहिली.

"मनीबाई, मनीबाई, दोऱ्यावर उडी मार. दोरा सुईला ओढेना. सुई मावशीला टोचेना. मावशी चिंधी देईना. माझी चिंधी, आईच्या वासाची."

मांजर म्हणाली, "शी, लांब हो. काय वास येतो तुझा. मी नाही उडी मारणार."

आता वास येतो तर येतो. तो काय चिचूने मागून घेतला होता?

चिचू गेली कुत्र्याकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"मोतीदादा, मोतीदादा, मांजरीवर भुंक. मांजर दोऱ्यावर उडी मारेना. दोरा सुईला ओढेना. सुई मावशीला टोचेना. मावशी चिंधी देईना. माझी चिंधी, आईच्या वासाची."

कुत्रा म्हणाला, "आत्ता कुठे अंगावर ऊन आलंय. मी नाही भुंकणार." आणि त्याने डोळे मिटले.

कुत्र्याच्या कानात होती पिसू. एवढीशी. चिचूपेक्षाही एवढीशी.

"पिसूताई, पिसूताई, कुत्र्याला चाव. कुत्रा मांजरीवर भुंकेना. मांजर दोऱ्यावर उडी मारेना. दोरा सुईला ओढेना. सुई मावशीला टोचेना. मावशी चिंधी देईना. माझी चिंधी, आईच्या वासाची."

पिसू म्हणाली, "चावते की. तुझ्यासाठी नाही हं. मला भूक लागलीय."

मग काय झालं?

पिसू चावली, कचकन. कुत्रा भुंकला, भो भो भो. मांजरीने उडी मारली, टुणकन. दोऱ्याने सुईला ओढलं, सर्रकन. सुई मावशीला टोचली, टच्च.

मावशी म्हणाली, "आई गं."

मावशी बोट चोखत बसली. चिचू समोरच बसली. हळूच म्हणाली, "माझी चिंधी. माझ्या आईच्या वासाची."

मावशीने बोट तोंडातून काढलं. मग तिने कात्री घेतली. कच् कच् कच्. टाके उसवले. चिंधी चिचूपुढे ठेवली.

चिचूने नाक लावलं. साबणाचा वास. दुसरीकडे लावलं. उन्हाचा वास. या टोकाला हुंगलं, त्या टोकाला हुंगलं. आईचा वास कुठेच नाही.

"ही माझी नाही," चिचू म्हणाली.

"तुझीच आहे गं," मावशी म्हणाली. "मळली होती. धुतली मी. गोधडीत मळकं घालत नाहीत."

चिचूला रडू आलं. मावशीलाही आलं. पण धुतलं ते धुतलं. आता रडून काय उपयोग?

गोधडीवर डोंगर राहिला. विहीर राहिली. शेळी राहिली. मधोमध एक डोकं राहिलं आणि दोन पाय. मावशीच्या आईला लुगडंच नाही.

चिचूने चिंधीचं टोक तोंडात धरलं. आईचं शेपूट धरायची, तसं. आणि चालू लागली. तुरूतुरू, तुरूतुरू.

पण चिंधी काही पुढे चालेना. ती आपली मागे मागे फरपटत आली.

दोरा सरला, गाठ मारली, गोष्ट इथेच थांबली.