तुटकी भुवई

ही गोष्ट फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा जिथे वाळू होती तिथे आज पाणी आहे.

त्या काळी समुद्रकाठी एक गाव होतं. गावातले पुरुष गलबतं घेऊन दूरच्या बेटांवर व्यापाराला जात आणि कित्येक पावसाळे परतत नसत. लिहायला-वाचायला कुणालाच येत नव्हतं. म्हणून दर वर्षी त्यांच्याकडे एक होडी निघे, तिच्यातून मुलांची चित्रं जात. हातभर फळीवर रंगवलेला एकेक चेहरा. बाप त्या फळ्या उशाशी ठेवत.

गलबतं परतली की गावाची एक रीत होती. बायकांनी भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात थांबायचं. मुलांनी किनाऱ्यावर ओळीने उभं राहायचं आणि हाक मारायची नाही. बापाने हातातल्या चित्रावरून आपलं मूल ओळखायचं, आणि मुलाने त्याचं बोट धरून त्याला घरी आणायचं.

ही चित्रं एक म्हातारा चितारी काढत असे. त्याचा हात थरथरू लागला, तेव्हा त्याने गावातल्या एका मुलीला शिकवायला घेतलं. मुलगी अबोल होती, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. चार माणसांत बोलायची वेळ आली की ती मान खाली घाली आणि कपाळावरची बट पुढे ओढून घेई. त्या बटेखाली तिची उजवी भुवई मधोमध तुटलेली होती. अगदी लहान असताना ती बापाच्या खांद्यावर बसून गलबत बघायला गेली होती, तेव्हा शिडाचं लाकूड लागून खोक पडली. तिथे पुन्हा केस आले नाहीत. त्याच वर्षी बाप निघून गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नसे. आठवे तो फक्त खांदा, आणि त्याला येणारा डांबराचा वास.

एक दिवस आपण ओळीत उभे असू आणि तो खांदा आपल्यासमोर येऊन थांबेल, एवढंच तिला हवं होतं.

बरेच दिवस चिताऱ्याने तिला कुंचल्याला हातच लावू दिला नाही. मूल एका जागी बसत नाही, त्याला बसवू नकोस, ते खेळेल आणि तू बघ, असं तो सांगे. मग एकदा त्याने फळी दिली. तिने काढलेलं पहिलं पोर पाहून तो खूप हसला.

"हा तर सावकार झाला," तो म्हणाला. "मिशा तेवढ्या राहिल्या. अगं, मुलाचे डोळे खाली असतात आणि वर सगळं कपाळाचं मैदान. आणि प्रत्येक पोराची एक खूण असते. ती सापडली की बाकीचा चेहरा तिच्यामागून आपोआप येतो."

मुलगी शिकत गेली. कपाळं मोठी झाली, गाल गोल झाले. पण चित्र काढताना मुलांच्या आया शेजारी येऊन बसत.

"माझ्या बाबूचे कान जरा आत घे गं," एक म्हणाली. "नाहीतर त्याचा बाप म्हणेल, पोराला कानांनी टांगून ठेवलं होतं की काय."

दुसरीच्या मुलाचे पुढचे दात नुकतेच पडले होते. ते तिने भरून मागितले. तिसरीला लेकीच्या नाकावरचा तीळ नको होता. मुलीला कुणाला नाही म्हणता येत नसे. शिवाय आया चित्र छातीशी धरत, तिची अलाबला घेत, आणि ते तिला फार गोड वाटे.

चिताऱ्याने ओळीने वाळत ठेवलेल्या फळ्या पाहिल्या आणि म्हणाला, "पोरी, तू हल्ली चेहरे काढत नाहीस. सगळ्यांना सारखंच बाळसं वाटून टाकतेस."

तिने ऐकून घेतलं, पण आपल्या मनासारखंच केलं. शेवटी तिने घंगाळातल्या पाण्यात पाहून स्वतःचं चित्र काढलं. आजवर ते चितारी काढत असे. उजव्या भुवईशी तिचा कुंचला थांबला. मग तिने ती भुवई काजळाने नीट भरून टाकली. आपल्यात काही उणं दिसलं नाही, तर बापाला लवकर परतावंसं वाटेल, असं तिच्या भोळ्या मनात आलं.

होडी चित्रं घेऊन गेली. आणि पुढच्या उन्हाळ्याआधीच गलबतं खरोखर परतली.

मुलं ओळीने उभी राहिली. बाप फळ्या घेऊन उतरले, आणि चालता चालता अडखळू लागले. फळीवर एक चेहरा, समोर वेगळाच. सगळ्या फळ्यांवर तेच गोल गाल, तेच भरलेले दात. एका बापाने भलत्याच पोराला उचललं. ते पोर रडू लागलं, आणि त्याचा खरा मुलगा दोन हात अंतरावर मुकाट उभा राहिला. हसलं कुणीच नाही.

तेवढ्यात मुलीला डांबराचा वास आला. तिने वर पाहिलं. समोरच्या माणसाच्या हातात तिचंच चित्र होतं. तो एकदा चित्राकडे पाही, एकदा ओळीकडे. मग तो तिच्याकडे वळला.

"पोरी," त्याने विचारलं, "ही मुलगी कुठे उभी आहे, दाखवशील का?"

तिने त्याच्या हातातली फळी घेतली आणि उजव्या भुवईवर मधोमध नख ओढलं. काजळाचा पोपडा निघाला. खालचं लाकूड दिसलं.

त्या माणसाने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"जुन्या फळ्यांवर ही खूण होती," तो म्हणाला. "मी रोज तिच्यावरून बोट फिरवायचो. माझ्या खांद्यावर असताना लागलं होतं ना तुला. यंदाच्या फळीवर ती नव्हती. वाटलं, पोरीच्या मनातून मीही पुसला गेलो."

आणि त्याने बोटाने हलकेच तिच्या कपाळावरची बट बाजूला केली.

मुलगी लगेच घरी गेली नाही. डाव्या हाताने बापाचं बोट धरून ती ओळभर फिरली. कनवटीच्या कोळशाने तिने फळ्यांवर बाबूचे कान बाहेर आणले, कुणाचे दात पाडले, नाकावर तीळ ठेवला. एकेक बाप एकेका मुलापाशी थांबत गेला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या भाकऱ्या निवल्या, पण एकाही आईने तक्रार केली नाही.

पुढे ती मोठी चितारीण झाली. पण समुद्राकडे पाहत बापाची वाट बघण्यात गेलेली तिची लहानपणीची वर्षं कुठलंही चित्र काढून परत आली नाहीत.

म्हणून लक्षात ठेवावं: ज्या खुणेची आपल्याला लाज वाटते, तिच्यासाठीच दूर कुणाचा तरी जीव झुरत असतो.