दुप्पट चिखलाची विहीर

जमिनीतून वायू देणाऱ्या विहिरींची दुखणी ओळखणारा एक वृद्ध तज्ज्ञ होता. एकदा त्याच्या शिष्याने एका जुन्या विहिरीची दुरुस्ती केली आणि त्या दिवसापासून विहिरीने वायू द्यायचेच सोडले. शेवटी ती आटली असे समजून दुसऱ्या दिवशी तिच्यात सिमेंट ओतून ती कायमची बुजवायचे ठरले, तेव्हा घाबरलेल्या शिष्याने गुरूला बोलावले.

वृद्धाने एकच विचारले, "दुरुस्तीआधी वायू दाबून ठेवायला जड चिखलपाणी किती सोडलेस?"

शिष्य म्हणाला, "हवे त्याच्या दुप्पट. गुरुजी, गेल्या वर्षी शेजारची विहीर उसळून पेटली, तेव्हा माझा सोबती माझ्या डोळ्यांदेखत होरपळला. कमी सोडायचा मला धीरच झाला नाही."

वृद्धाने मोजके आम्ल विहिरीत सोडायला लावले आणि ते काही तास मुरू दिले. मग नळ्यांचे सांधे, दाब, वारा सारे स्वतः तपासून माणसांना दूर उभे केले आणि शिष्याला म्हणाला, "झडप उघड. थोडी थोडी."

"आत काय साठले असेल कोण जाणे!"

"म्हणूनच उघड."

शिष्याने झडपेचे चाक फिरवले. खालून गुरगुर आली, नळी थरथरली, दाबाचा काटा चढला आणि काळा चिखल नळीतून बाजूच्या खड्ड्यात भसाभसा पडू लागला. सोबत्याची किंकाळी शिष्याला पुन्हा ऐकू आली. तो घाईने चाक उलटे फिरवणार, तोच वृद्धाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"काटा मी पाहतो आहे. मर्यादा ओलांडली तर मीच बंद करीन. विहीर आटलेली नाही, बाळा. खडकाला बारीक छिद्रे असतात, वायू त्यांतूनच येतो. तुझा चिखल तिथे शिरून बसला. तुझी भीती खोटी नव्हती, पण तिने संकटाबरोबर वाटही बुजवली. आम्लाने तो गाळ सुटला आहे. आता दार लावलेस तर तो पुन्हा तिथेच बसेल."

शिष्याने चाक धरून ठेवले, फिरवले मात्र नाही. हळूहळू चिखल पातळ झाला, मग नुसती फुरफुर उरली आणि बाहेर पडणारा वायू जाळून टाकायच्या लांबच्या नळीच्या तोंडाशी ज्योत पेटली. विहीर वाचली होती. तरी ती आग पाहून शिष्य एक पाऊल मागे सरला.

"गुरुजी, भीती अजून वाटते."

"वाटू दे," वृद्ध म्हणाला. "मलाही वाटते. म्हणून तर काट्यावरची नजर हलवली नाही."