पालखीच्या बाजूनं धावणारा

“पण बाबा, आतला मी अजून वीस वर्सांचा हाय, तर खांदा का ऐकत नाय?”

रावजी गोताड गावावरच्या कातळसड्यावरच्या मठीच्या पायरीवर बसला होता. वर येताना तो वाटेत बराच वेळ टेकला होता, पण तेवढं सांगायची त्याला काही गरज वाटली नाही.

केशवगिरी बाबा कैरीची फोड मिठात बुडवत होते. तोंडात दात नावापुरते उरलेले. तरी फोड जिभेवर ठेवली की डोळे मिटून असे खूश व्हायचे की बघणाऱ्यालाही पाणी सुटावं.

“उद्या शिमग्याची पालखी निघणार. पुढचा दांडा आजवर माज्या खांद्यावर. मी नाचवली की सगळा गाव नाचतो. गेल्या साली जरा तोल गेला, तर घरातूनच सुरू... आता पुरे करा! आरशात बगतो, तेव्हा वाटतं, ह्यो म्हातारा घरात शिरला कुठून?”

“खरं आहे,” बाबा म्हणाले. “मी आत नऊ वर्षांचा आहे.”

रावजीला बरं वाटलं. इतक्या दिवसांत आपल्या बाजूनं बोलणारं कुणीतरी भेटलं होतं.

“आणि तो पुतण्या, सुदेश! गेली चार-पाच वर्सं पालखीच्या बाजूनं धावतोय. मी पडायची वाट बघत टपलेला. नायतर कशाला धावेल? तुमीच सांगा!”

बाबांनी दुसरी फोड उचलली.

“खांद्याला अंगारा द्या. एवढा शिमगा निभावतो.”

“आणि पालखी पडली तर?”

रावजीला हीच भीती होती. होळी जवळ आल्यापासून ती त्याच्या मनात होती आणि बायकोलाही तिचा पत्ता नव्हता.

“पडली तर गावाला तोंड दाखवायचं नाय,” तो हळूच म्हणाला. “आणि सोडली... तर मी खरंच म्हातारा झालो, बाबा.”

त्याचे डोळे भरून आले. तो उगाच खाली खाडीकडे बघत राहिला.

बाबा भिंतीला धरून उठले. कोपऱ्यातली काठी आणली आणि रावजीच्या खांद्यावर आडवी ठेवली.

“इथे पहिल्यांदा दांडा कुणी ठेवला?”

“भागोजी अण्णांनी.”

“मागितल्याबरोबर?”

रावजीला हसू आलं. “कसले देतात! मोठा खमक्या माणूस. मी आपला त्यांच्या बाजूनं धावायचो. वाटायचं, या वळणावर तरी बोलावतील. मग पुढच्या. वर्सं गेली अशी. एकदा आंब्याखाली त्यांनीच हाक मारली... ‘ये रे.’ बस. एवढंच.”



“धावायचास म्हणजे, ते पडायची वाट बघत?”

“छे छे! काय बोलताव, बाबा!” रावजी चिडलाच. “अण्णा अडखळले तर दांडा धरायला जवळ कुणी नको? म्हणून...”

त्याचा हात काठीवर गेला.

काठी अजून खांद्यावर होती. गेल्या वर्षी तोल गेला तेव्हा दांडा बाजूनं कुणीतरी सावरला होता. कुणी, ते रावजीनं वळून बघितलं नव्हतं.

खालच्या वाडीत ढोल तापवून कुणी दोन-चार थापा मारून बघत होतं, आणि रावजीचा पाय आपोआप ठेका धरत होता.

“बाबा... तो सुदेश...”

बाबांनी काठी हलकेच उचलून घेतली.

“तो का धावतो, ते मला काय विचारतोस? तुझ्या आत आहे ना तो वीस वर्षांचा. त्याला विचार.”