धाकट्यासाठी लावलेलं दार

एका गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती, आणि त्या साली त्या गावात पहाटे एकही कोंबडा आरवत नव्हता. कोंबड्यांत मर आली होती. आज एकीने मान टाकली, उद्या चौघींनी, असं करता करता घरोघरची खुराडी रिकामी झाली. पाहुणा आला तर त्याच्या ताटात वाढायला गावात अंडं म्हणून उरलं नाही.

वाचली ती एकच कोंबडी, सगुणा नावाच्या बाईची. ती शेतावरच्या खोपीत अंड्यांवर बसली होती, म्हणून रोगाच्या तावडीतून सुटली. पण दैव बघा कसं असतं. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी मुंगसाने त्यांची आई नेली. सगुणा पिल्लं पदरात घेऊन चावडीवर आली.

"आईविना ही जगायची कशी?" ती म्हणाली. "यांना सारखी ऊब लागते."

बारमाही विस्तव असलेलं घर गावात एकच, कुंभाराचं. सगळ्यांनी ठरवलं की पिल्लं कुंभारणीने वाढवायची. मोठी झाली की घरोघर एकेक द्यायचं, म्हणजे गावात पुन्हा कोंबड्या होतील. ही पिल्लं गेली तर मात्र बी सुद्धा राहणार नव्हतं.

कुंभारीण लगेच हो म्हणाली नाही. तिची एकुलती एक लेक तानी मागच्या थंडीत गेली होती. एका सकाळी पोरीने बाहेर खेळायला जायचा हट्ट धरला, हिने जाऊ दिलं, आणि पोर संध्याकाळी तापाने फणफणली ती पुन्हा उठलीच नाही. "त्या दिवशी मी दार लावून घेतलं असतं तर," हे एकच वाक्य बाईच्या मनात तेव्हापासून फिरत होतं. नवरा सांगून थकला की ताप काही दारातून येत नाही. पण आईच्या मनाला कोण समजावणार?

सगुणाच्या तळहातावर सगळ्यात शेवटी जन्मलेलं एक पिल्लू होतं. मान धरवत नव्हती, डोळे मिटलेले. कुंभारणीने ते बघितलं आणि हात पुढे केले.

कुंभाराने पडवीतल्या खोलीत बांबूच्या तट्ट्याचं गोल कुंपण केलं. खाली भाताचं तूस अंथरलं. मधोमध भोकं पाडलेलं एक मडकं ठेवलं आणि त्यात राखेने झाकलेले निखारे. पाण्याला उथळ परळ, त्यात खडे टाकलेले, नाहीतर एवढेसे जीव तेवढ्या पाण्यातही बुडतात.

"तुला थंडी वाजते की नाही ते बघू नकोस," त्याने बायकोला सांगितलं. "पिल्लांकडे बघ. मडक्याला चिकटून एकावर एक चढली की त्यांना गारठा लागतोय. पांगून निवांत बसली की ऊब बरोबर. कुंपणाकडे पळाली की निखारे कमी कर."

बाईने जिवापाड केलं, यात शंका नाही. कण्या बारीक करून घातल्या, वाळवी खणून आणली, तूस ओलं झालं की बदललं. शेवटच्या पिल्लाला ती 'धाकटं' म्हणायची. त्याला हातावर घेऊन पाणी पाजायची. पिल्लं वाढली. पिवळी लव जाऊन खरे पंख फुटले. धाकटंही जगलं, पण ते अंगाने लहान राहिलं आणि त्याचा एक पाय जरा अधू होता. मडक्याजवळची जागा ते सोडत नसे.

एके दिवशी कुंभाराने तट्टा काढला आणि खोलीचं दार उघडलं. अंगणात छान ऊन पडलं होतं.

"अगं, आता यांना दुपारचं थोडं थोडं बाहेर काढायला हवं. बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवू. निखारेही रोज चिमूटभर कमी करत जाऊ."

दार उघडताच पिल्लं उंबऱ्याकडे धावली. धाकटं मात्र मडक्यापाशीच बसून राहिलं. कुंभारणीने ते बघितलं आणि दार लावून टाकलं.

"ते अजून तयार नाही," ती म्हणाली.

"मग ते राहू दे आत. बाकीच्यांना सोड."

"एकट्याला ऊब पुरत नाही. सगळी जवळ असली की त्याला बरं वाटतं. ते जरा अंग धरू दे, मग सगळ्यांना एकदमच काढू."

बोलणं काही वाईट नव्हतं. ऐकणाऱ्यालाही पटावं असंच होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, म्हणून दार उघडलं नाही. मग वारा सुटला, म्हणून उघडलं नाही. मग नुसतंच उघडलं नाही. उलट धाकटं कुडकुडतंय असं वाटून बाईने निखारे वाढवले. बाकीची पिल्लं चोच वासून कुडाला टेकून उभी राहायची. वाढत्या अंगांना ती जागा पुरेना. ती एकमेकांना तुडवू लागली, एकमेकांची पिसं उपटू लागली. एकदा धाकट्याच्या पाठीवर रक्ताचा ठिपका दिसला. बाईने हळद लावली आणि बाकीच्यांना रागावली. "एवढ्याशा जिवाला मारता? लाज नाही वाटत?"

"त्यांच्यावर कशाला चिडतेस?" कुंभार दारातून म्हणाला. "कोंबडीची जात ती. तिला दिवसभर काहीतरी टोचायला लागतं. चोचीखाली माती नाही, म्हणून एकमेकांना टोचतायत. मडकंसुद्धा आपण आधी सावलीत सुकवतो. पण सावलीतच ठेवून देतो का कधी?"

"मडकं फुटलं तर दुसरं करता येतं," बाई म्हणाली.

तानीची आठवण दोघांच्या मध्ये येऊन बसली होती. तो खाली मान घालून चाकाकडे गेला.

बाजाराच्या दिवशी दोघं मडकी घेऊन गेली. जाताना बाईने निखारे भरपूर घातले, दार नीट लावलं, कडी दोनदा ओढून बघितली. दुपार कलल्यावर परत आली तेव्हा डोक्यावरची पाटी उतरवण्याआधी तिने दार उघडलं.

धाकटं मडक्याजवळ पडलं होतं. पाठ टोचून टोचून उघडी झाली होती. खोलीतली सगळ्यात उबदार जागा तीच होती. बाकीची पिल्लं लाल चोचींनी, गोंधळलेली, चारी बाजूंना उभी होती.

बाई खाली बसली. तिने त्याला ओंजळीत घेतलं. अंग अजून गरम होतं, पण ती गरमी निखाऱ्यांची होती. कुंभार मागे येऊन उभा राहिला. मनात आलं असेल त्याच्या काही, पण चांगला माणूस तो, त्याने फक्त तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

"याच्याचसाठी लावलं होतं हो दार," ती म्हणाली आणि रडू लागली. तानी गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ते सगळं आज आलं.

अंगणात तानीने लावलेल्या जास्वंदीखाली तिने धाकट्याला पुरलं. मग हात धुतले आणि खोलीचं दार सताड उघडलं. पिल्लं उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. ऊन काय ते आता त्यांना ओळखीचं नव्हतं. बाई बाहेर मातीत बसली, थोड्या कण्या टाकल्या आणि वाट बघत राहिली. एक उतरलं, मग दुसरं. थोड्याच वेळात सगळी माती उकरत होती. एकमेकांकडे कोणी बघतही नव्हतं.

पुढे ती रोज त्यांना जरा जास्त वेळ बाहेर ठेवत गेली, निखारे कमी करत गेली आणि एके दिवशी मडकं उचलून ठेवून दिलं. राहिलेली सगळी पिल्लं जगली. ठरल्याप्रमाणे घरोघर एकेक गेलं. कुंभाराच्या घरचा वाटा म्हणून तिने मनोमन धाकटंच धरलं होतं, त्यामुळे तिच्या हाती काही उरलं नाही. ती कोणाला बोलली नाही. पण सगुणेला कळलं.

"माझ्या वाट्याची तलंग अंड्यांवर बसायला खुडूक झाली की ती तुझ्याच पडवीत बसवीन," सगुणा म्हणाली, आणि तिने शब्द पाळला.

पुढच्या साली कुंभाराच्या पडवीत टोपलीत पिल्लं निघाली. यंदा त्यांना आई होती. काही दिवसांनी ऊन वर आल्यावर कोंबडी त्यांना घेऊन उंबऱ्याकडे निघाली. कुंभारीण चाकापाशी माती मळत होती, तिचे हात थांबले. एक पिल्लू मागे राहिलं होतं. लहान, पाय ओढत चालणारं. कोंबडीने वळून बघितलं. ती परत फिरली नाही, आणि पुढेही गेली नाही. बाकीच्यांना तिने अंगणात चरू दिलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभी राहून त्याला बोलवत राहिली. पिल्लू धडपडलं, उंबऱ्यावर चढलं, पलीकडे घरंगळलं. तशी ती तिथेच, उन्हात, मातीत बसली आणि त्याला पंखाखाली घेतलं. ते गरम झाल्यावर उठली आणि दोघंही चरायला निघाली.

"बघितलंत?" कुंभारीण नवऱ्याला म्हणाली. "तिने ऊब बाहेर नेली. मी एवढंच करायला हवं होतं."

कुंभाराने मान हलवली. बाईने हात पुसले, जाऊन त्या पिल्लाजवळ मातीत बसली, आणि पडवीचं दार तिने संध्याकाळपर्यंत उघडंच ठेवलं.

तात्पर्य म्हणून मनात ठेवायचं ते एवढंच: दुबळ्या जिवासाठी दार लावून घेऊ नये, त्याच्यासाठी आपली ऊब घेऊन दाराबाहेर जाऊन बसावं.