नदीत आडवा पडलेला राक्षस

एक होता राजा. त्याच्या तीन मुली. थोरली कलावती नुसतं गाणं शिकली, पण असं शिकली की चरणाऱ्या गाई चरायचं विसरून ऐकत उभ्या राहायच्या. मधली सुमती वैद्यकी शिकली. रानातलं पान न् पान ओळखायची, बरं का. आणि धाकटी चंपा? तिला सगळंच हवं. आज बुरुडाच्या अंगणात बसून टोपल्या विण, उद्या मध काढणाऱ्यांबरोबर कड्यावर चढ, परवा रानातल्या म्हातारीकडून पाखरांची बोली शीक. राजा म्हणायचा, हिचं एक काही धड नाही. चंपा मान खाली घालायची. तिलाही ते खरंच वाटायचं.

एकदा काय झालं, नदीच आटली. का म्हणून बघायला गेले, तर वर डोंगरात एक भलामोठा राक्षस पात्रात आडवा पडलेला. हाकेला ओ देईना. इकडे भात पिवळं पडलं, गुरं तहानेनं हंबरू लागली. सेनापती म्हणाला, हत्ती लावून त्याला ओढून काढू.

कलावती म्हणाली, आधी मी जाते. गेली, गायली. राक्षसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तो हलला नाही. मग सुमती गेली. तिनं काढा केला, पण तो तोंडच उघडेना.

मग चंपा निघाली. राजा म्हणाला, "त्यांना जमलं नाही, तू काय करणार?"

"बघून तरी येते, बाबा."

गेली आणि गप्प बसून राहिली. तेवढ्यात वरून बारीक चिवचिव आली. पाखरांची सगळी बोली काही तिला येत नव्हती, पण 'पिल्लं' आणि 'पडतील' एवढं कळलं. मग ती राक्षसाच्या जटा धरून कड्यावर चढावं तशी चढली. बघते तर काय, कानात साळुंकीचं घरटं! बिचारा पाणी प्यायला वाकला होता, तिथंच डुलकी लागली, आणि साळुंकीनं संसार थाटला. आता तोंड उघडलं तरी कान हलणार. म्हणून तो कण्हतसुद्धा नव्हता.

चंपानं तिथंच वेताची टोपली विणली. पण घरट्याला हात लावू गेली की साळुंकी चोची मारायची. आणि राक्षसाचं अंग तर लाकडासारखं आखडलेलं. हे आपल्या एकटीचं काम नाही, हे तिनं ओळखलं. हत्ती निघायच्या आत ती धावत घरी आली.

"कलाताई, तुझा आवाज हवाय. सुमाताई, तुझं तेल हवंय. चला."

मग कलावतीनं अंगाई धरली. साळुंकी शांत झाली. चंपानं घरटं अलगद टोपलीत उतरवलं आणि टोपली झाडाला टांगली. सुमतीनं राक्षसाच्या सांध्यांना तेल चोळलं. आणि मग तो उठला, बाळांनो. डोंगर उठावा तसा उठला. पाणी गर्जत खाली धावलं. गावंच्या गावं काठावर आली, ढोल वाजले, म्हाताऱ्यासुद्धा पाण्यात नाचल्या.

राजानं भर दरबारात चंपाला जवळ घेतलं. म्हणाला, "पोरी, मला तुझं शिकणं कळलंच नव्हतं."

तेव्हापासून राज्यात काही अडलं की आधी चंपा बघून यायची, आणि मग ज्याचं काम त्याला बोलावून आणायची. भात पिकलं, गुरं धष्टपुष्ट झाली, राक्षसही डोंगरात मजेत राहिला. सगळे पोटभर जेवले आणि गाढ झोपले. तुम्हीही पांघरूण ओढा बघू, आणि मिटा डोळे.