नॉर्मल

“बाबा, ही नॉर्मल कधी होईल?”

दर्ग्याच्या पायरीवर बसता बसताच बर्गेसाहेबांनी विचारलं. धरणं बांधणारा माणूस. फकिराकडूनही तारीख हवी होती.

शेजारी त्यांची बारा वर्षांची शर्वरी. बोलताना अडखळायची. येत्या जूनमध्ये तिला गावच्या शाळेतून काढून लांबच्या वसतिगृहात ठेवायचं, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

हसनबाबा कबुतरांना ज्वारी टाकत होते.

“नॉर्मल म्हंजे काय, साहेब?”

“म्हणजे... सगळ्यांसारखं.”

“लोक कवा म्हणत्यात?”

“सारखंच की. रिपोर्ट नॉर्मल आला. बाळंतपण नॉर्मल झालं. पूर ओसरला, आता वाहतूक नॉर्मल.”

“म्हंजे आधी घाबरलेली माणसंच म्हणत्यात.”

साहेबांनी घड्याळ बघितलं.

बाबा मुलीकडे वळले. “नाव काय, बेटी?”

“शर्वरी,” साहेब म्हणाले.

“साळा आवडती?”

“आवडते, पण झेपत नाही तिला.” पुन्हा साहेबच.

दोन्ही वेळा पोरीने उघडलेलं तोंड मिटून घेतलं. इतक्या सवयीने, की बघणाऱ्याला बापाचा राग यावा.

बाबांनी डबीतून खडीसाखरेचा मोठा खडा काढून साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी तो तोंडात टाकला आणि कडकन चावला. प्रसादाचीही घाई.

“चावायचा न्हाई.” बाबांनी दुसरा दिला. “इरघळंस्तोवर तोंड उघडायचं न्हाई.”

कबुतरं दाणे टिपत राहिली. साहेबांनी खडा गालात धरून ठेवला.

“पप्पा,” शर्वरी म्हणाली, “मी शा... शाळेत...”

साहेबांचे ओठ हलले. बाबांनी नुसतं बोट वर केलं.

“...प्रा... प्रार्थना सांगते. रोज. पुढे उभी राहून.”

साहेब बघतच राहिले.

“अडखळते. पण सगळे थां... थांबतात.” “तुम्हाला कधीचं सां... सांगायचं होतं.”

साहेबांचा एक गाल फुगलेला, डोळे भरलेले. खडा विरघळला तसा त्यांनी चष्मा पुसला, मुलीचा हात धरला आणि घाईघाईने सुरुवात केली, “अगं, मग तू आधीच का नाही—”

हसनबाबांनी डबी पुढे केली.

“अजून एक देऊ, साहेब?”